काटक गवत, पण कशाला काटक?

रत्नागिरीत गवत लावावे लागत नाही, काढावे लागते. मृगाचे दोन पाऊस पडले की जांभ्याचा काळा सडा आठ-दहा दिवसांत हिरवा होतो. गडग्याच्या चिऱ्यांमधून, अंगणाच्या कडेने, शाळेच्या पायऱ्यांच्या भेगांतून गवत डोके वर काढते. दिवाळीच्या सुमारास तोच सडा पिवळा पडतो आणि गवताचे भारे डोक्यावरून घरोघर जाऊ लागतात. अशा गावात राहून मी पैसे देऊन गवताचे बी आणले, ही गोष्ट आमच्या शेजारच्या आजोबांना अजून पटलेली नाही.

त्याचे असे झाले. काही वर्षांपूर्वी मुंबईत एका दुकानात मला हिरवळीच्या बियांचे पाकीट दिसले. वर मखमलीसारख्या हिरवळीचे चित्र होते आणि खाली तीन नावे होती: उंच फेस्क्यू, बारमाही रायग्रास आणि केंटकी ब्लूग्रास. शेजारी एक विशेषण, 'अत्यंत काटक'. मी भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस. कोणी 'जड', 'वेगवान' किंवा 'गरम' म्हटले की 'कशाच्या मानाने?' असे मी वर्गात लगेच विचारतो. दुकानात मात्र हा प्रश्न मला सुचला नाही. पाकीट घेऊन मी घरी आलो.

दिवाळीनंतर परसातली दहा फूट लांब आणि तेवढीच रुंद जागा खणली, खडे वेचले, चाळलेले शेणखत मिसळले आणि बी फोकले. वरून अर्धा सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर भुरभुरला. बारीक बियांना याहून खोल पुरू नये. त्यांच्यापाशी शिदोरी थोडी असते आणि उजेडापर्यंत पोचण्याआधीच ती संपून जाते. झारीने सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला लागलो. आजोबा गडग्यापाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "मास्तर, दिवाळी उलटल्यावर तरवा कसला टाकलात?"

सहाव्या-सातव्या दिवशी पहिले हिरवे केस दिसले. दहाव्या-बाराव्या दिवशी त्यांच्यात जरा जाडसर कोंब मिसळले. तिसरा आठवडा संपत आला तेव्हा फार नाजूक असे आणखी काही कोंब आले. तीन जातींचे बी उगवायला तीन निरनिराळे कालावधी घेते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण समोर उभ्या असलेल्या कोंबांतले कोणते कोण, हे कसे ओळखायचे? सगळेच गवत हिरवे आणि सगळ्यांचीच पाती लांब. फुलोरा आला तर ओळख सोपी, पण हिरवळ कापत राहायची म्हटल्यावर फुलोरा येणार कुठून?

गवताचे मानगूट

आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना मी हे विचारले. त्यांनी दहापट मोठे दाखवणारे एक भिंग माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "गवताचा चेहरा बघू नका, मानगूट बघा."

गवताच्या पानाचे दोन भाग असतात. खालचा भाग खोडाभोवती खोळीसारखा गुंडाळलेला असतो. वरचा मोकळा भाग म्हणजे पाते. खोळ संपते आणि पाते सुरू होते तो सांधा म्हणजे गवताचे मानगूट. पाते हलकेच मागे वाकवून या सांध्याच्या आतल्या बाजूला भिंगातून पाहिले, की खोडाला चिकटून उभा असलेला एक पातळ पापुद्रा दिसतो. त्याला जिव्हिका म्हणतात, म्हणजे छोटी जीभ. काही गवतांत पापुद्र्याऐवजी केसांची झालर असते. काहींत काहीच नसते. सांध्याच्या दोन्ही बाजूंना कधी कधी कानाच्या पाळीसारखे दोन आकडे खोडाला मिठी मारून असतात. त्या कर्णिका. पाऊस, खत, कापणी यांमुळे गवताची उंची आणि रंग बदलतात, पण हा सांधा सहसा बदलत नाही. म्हणून ओळख पटवायला तो भरवशाचा.

दुसरी खूण बोटांना कळणारी. कोवळा कोंब अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून फिरवायचा. आतले नवे पान वहीच्या पानासारखे मधोमध दुमडलेले असेल तर कोंब चपटा लागतो. ते सुरळी केलेले असेल तर कोंब गोल लागतो.

या दोन खुणांवर माझ्या वाफ्याचा उलगडा झाला. सर्वांत आधी आलेले गवत चपट्या कोंबाचे होते. पात्याची खालची बाजू तेल लावल्यासारखी चमकत होती आणि बुंध्याशी लालसर जांभळी छटा होती. हे रायग्रास. मागून आलेल्या जाडसर गवताचा कोंब गोल, पाते रुंद आणि कडेला खरखरीत, वरच्या बाजूला उठावदार शिरा आणि कर्णिकांच्या कडेला बारीक केस. हे उंच फेस्क्यू. अगदी शेवटी आलेल्याचे पाते मध्यशिरेवर दुमडलेले होते आणि टोकाशी होडीच्या नाळेसारखे वर वळलेले होते. हे ब्लूग्रास. होड्या पाहत वाढलेल्या आमच्या मुलांना ही खूण समजावून सांगावी लागली नाही.

तिघांतही काटक म्हणावे ते उंच फेस्क्यूला. त्याची मुळे खोल जातात. पायांखाली तुडवले गेले तरी ते तगते आणि थोडाफार दुष्काळही काढते. अमेरिकेतील केंटकी राज्यात एका शेतकऱ्याच्या डोंगरउतारावरच्या कुरणात हे गवत टिकून असलेले १९३१ मध्ये फर्गस नावाच्या कृषितज्ज्ञाच्या पाहण्यात आले. त्याची निवड करून १९४३ मध्ये 'केंटकी-३१' हा वाण प्रसृत झाला आणि हां हां म्हणता लक्षावधी एकरांवर पसरला. मूळचे हे गवत युरोपातले. त्याच्या काटकपणाचे एक रहस्य १९७७ मध्ये उघड झाले. त्याच्या पेशींच्या मधल्या जागेत एक बुरशी राहते. किडींपासून आणि कोरड्या हवेपासून ती गवताला वाचवते, पण तेच गवत चरणाऱ्या गुरांना मात्र तिच्यामुळे आजार होतात. म्हणजे काटकपणाचीसुद्धा किंमत कोणीतरी मोजत असतेच.

वाफा सुकू लागला

जानेवारीअखेर माझा वाफा पाहण्यासारखा झाला होता. शेजारची मुले त्यावर अनवाणी चालून गेली. मी दर रविवारी कात्रीने कापत होतो आणि पाकिटावरच्या चित्राशी ताडून पाहत होतो. फेब्रुवारीत ब्लूग्रास दिसेनासे झाले. मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडा वारा सुटला, दुपारी पारा पस्तिशीच्या वर गेला आणि रायग्रासची पाती टोकापासून वाळत आली. मी पाणी वाढवले. काही उपयोग झाला नाही. फेस्क्यू तेवढे विरळ का होईना, पण मेअखेरपर्यंत उभे होते.

आणि गंमत अशी, की वाफ्याच्या कडेला बाहेरून हरळीचे दोन धागे आत शिरले होते. त्यांना कोणी खत घातले नव्हते, शेणखताचा आणि पाण्याचा उरलासुरला वाटा तेवढा त्यांना मिळत होता. एप्रिलच्या उन्हात ते रोज पुढे सरकत होते.

दोन्ही गवतेच. ऊन तेच, माती तीच, पाणी तेच. मग एक मरते आणि दुसरे हातपाय पसरते, हे का?

याचे उत्तर पानाच्या आत आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांवाटे आलेले पाणी यांपासून वनस्पती उजेडात साखर बनवतात, हे तुम्ही शिकलाच आहात. कार्बन डायऑक्साइड पकडून कामाला लावण्याचे काम रुबिस्को नावाचे एक विकर, म्हणजे एंझाइम, करते. पण या रुबिस्कोची पारख कच्ची आहे. त्याच्या हाताशी चुकून प्राणवायू आला तर ते त्यालाही पकडते. मग साखर तर बनत नाहीच, उलट झालेली चूक निस्तरताना आधी पकडलेला काही कार्बन डायऑक्साइड हवेत परत जातो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. हवेत प्राणवायू शेकडा २१ भाग असतो. कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत जेमतेम सव्वाचारशे भाग. तेव्हा चुका व्हायच्याच. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास तीन-चार वेळा बरोबर पकडले की एकदा चूक, असे साधारण प्रमाण पडते.

यात तापमानाचा संबंध दोन वाटांनी येतो, आणि त्यांतली एक भौतिकशास्त्राची आहे. पाणी तापले की त्यात वायू कमी विरघळतात, हे सोडावॉटरची बाटली उन्हात ठेवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. पानाच्या पेशीतल्या पाण्यातही तेच होते. पण तापमान वाढताना कार्बन डायऑक्साइडची विद्राव्यता प्राणवायूपेक्षा झपाट्याने कमी होते. म्हणजे पान तापले की रुबिस्कोभोवती चुकीच्या वायूचे प्रमाण वाढते. दुसरे असे, की खुद्द रुबिस्कोची पारखही उष्णतेने आणखी ढिली पडते. दोन्हींचा परिणाम एकच. ऊन जितके कडक तितका तोटा जास्त.

फेस्क्यू, रायग्रास, ब्लूग्रास ही सारी या पद्धतीने जगणारी गवते. पकडलेल्या कार्बनपासून प्रथम तीन कार्बन अणूंचे संयुग बनते म्हणून या पद्धतीला सी-३ म्हणतात. हरळीने मात्र निराळीच सोय केली आहे.

उसाने उघड केलेले गुपित

प्रकाशसंश्लेषणातला हा तीन कार्बनांचा मार्ग मेल्विन कॅल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. त्यासाठी त्यांनी किरणोत्सारी कार्बन-१४ वापरला. कॅल्विन यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि हा विषय संपला असे पुष्कळांना वाटले. पण १९६५ मध्ये हवाई बेटांतील उसाच्या संशोधकांनी हाच प्रयोग उसाच्या पानावर केल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा कार्बन-१४ प्रथम सापडला तो चार कार्बनांच्या आम्लांत! ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे हॅच आणि स्लॅक या दोघांनी १९६६ पासून या कोड्याचा पाठपुरावा करून सारी यंत्रणा उलगडली.

उसाच्या पानात दोन प्रकारच्या पेशी कामे वाटून घेतात. बाहेरच्या पेशी एका वेगळ्या विकराच्या मदतीने कार्बन डायऑक्साइड पकडतात. हे विकर प्राणवायूला मुळीच भुलत नाही. तयार झालेले चार कार्बनांचे आम्ल आतल्या पेशींत पोचवले जाते. तिथे त्यातून कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा होतो आणि त्या बंदिस्त जागेत त्याचे प्रमाण हवेतल्यापेक्षा कितीतरी वाढते. रुबिस्को बसलेले असते ते इथे. अवतीभवती हव्या त्या वायूचीच गर्दी असल्यामुळे त्याच्या हातून चूक व्हायला वावच राहत नाही. हीच सी-४ पद्धत. ऊस, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी आणि आपली हरळी, या सर्वांची हीच रीत.

ही पंपासारखी व्यवस्था चालवायला जादा ऊर्जा लागते. म्हणून थंड, ढगाळ हवेत ती परवडत नाही आणि सी-३ गवते पुढे जातात. कडक उन्हात मात्र ऊर्जेला तोटा नसतो आणि पंपाचा खर्च सहज भरून निघतो. आणखी एक फायदा असा, की थोड्याशा कार्बन डायऑक्साइडवर काम भागत असल्याने पर्णरंध्रे फार उघडी ठेवावी लागत नाहीत आणि पाण्याची बचत होते.

या दोन पद्धतींतला फरक दाखवणारा एक साधा प्रयोग आहे. हवाबंद काचपेटीत मक्याचे आणि सोयाबीनचे रोप शेजारी शेजारी ठेवून भरपूर उजेड द्यायचा. थोड्याच दिवसांत सोयाबीन पिवळे पडू लागते. पेटीतला कार्बन डायऑक्साइड मका जवळजवळ शून्यापर्यंत ओढून घेतो. सोयाबीनला दहा लाखांत सुमारे ५० भागांखाली काहीच कमाई होत नाही. उलट प्रकाशश्वसनात त्याच्याकडून जो वायू निसटतो, तोही शेजारचा मका गट्ट करतो!

जाता जाता, भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी. कार्बन-१३ हा कार्बनचा जरा जड समस्थानिक. रुबिस्को त्याला टाळते, सी-४ वनस्पती त्याला तितके टाळत नाहीत. त्यामुळे द्रव्यमान वर्णपटमापकाने साखरेतले कार्बन-१३चे प्रमाण मोजले की ती कोणत्या पद्धतीच्या वनस्पतीची ते सांगता येते. मधात उसाची साखर मिसळली आहे का, हे अशाच रीतीने पकडतात. मधमाश्या ज्या फुलांवर जातात त्यांतली बहुतेक सी-३ वनस्पतींची असतात आणि ऊस सी-४, म्हणून लबाडी उघडी पडते.

दिवसाची कमाई, रात्रीचा खर्च

एवढे समजल्यावर माझे समाधान व्हायला हवे होते. पण एका विद्यार्थ्याने मला गप्प केले. "सर, भातही सी-३ आहे ना? मग तो कोकणात कसा होतो?"

प्रश्न रास्त होता. भात सी-३ आहे आणि प्रकाशश्वसनात त्याचाही मोठा तोटा होतो. (भाताला सी-४ बनवता येईल का, यासाठी २००८ पासून अनेक देशांतील शास्त्रज्ञ एकत्र येऊन खटपट करत आहेत.) पण भात हे उष्ण, पाणथळ प्रदेशात घडलेले गवत आहे. त्याची सारी विकरे तीस अंशांच्या आसपास नीट चालतात. फेस्क्यूची घडण थंड प्रदेशातली. हवा साधारण १५ ते २४ अंश असताना त्याची पाती जोमाने वाढतात आणि मुळांना तर जमीन याहूनही गार हवी असते. म्हणजे सी-३ असणे हे अर्धेच कारण झाले.

उरलेले अर्धे कारण मला थर्मामीटरने दाखवले. रत्नागिरीचे तापमान पाहा. जानेवारीत दुपारी पारा तीस-एकतीस अंशांवर असतो, मे महिन्यात तेहतिसाच्या आसपास. फरक दोन-तीन अंशांचा! समुद्र शेजारी असल्याचा हा परिणाम. पण पहाटेचे तापमान पाहिले तर जानेवारीत १८-१९ अंश आणि मे महिन्यात २६. आमच्याकडे ऋतू बदलतो तो मुख्यतः रात्री.

रात्री गवत कमाई करत नाही, पण श्वसन चालूच असते. श्वसन म्हणजे खर्च. तापमान दहा अंशांनी वाढले की हा खर्च साधारण दुप्पट होतो. आता एक हिशेब मांडू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, थंड प्रदेशात दिवसभरात फेस्क्यूची कमाई १०० आणि १२ अंशांच्या रात्री खर्च २०. शिल्लक ८०. आता तेच गवत रत्नागिरीच्या मे महिन्यात आणा. प्रकाशश्वसन वाढल्यामुळे कमाई ७५ वर आली असे धरू. रात्र २६ अंशांची, म्हणजे १४ अंशांनी अधिक. खर्च २० वरून सुमारे ५३ वर गेला. शिल्लक राहिली २२. आणि दर रविवारी कात्री घेऊन मी त्याची कमाई करणारी पातीच कापत होतो! असे गवत मुळांत साठवलेले भांडवल खात खात बारीक होत जाते. पाणी कितीही घाला, तूट पाण्याची नसून साखरेची असते.

माणूस घामाने गार होतो तसे पान बाष्पोत्सर्जनाने गार होते. तीस अंशांच्या सुमारास एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, आणि ती पानातून घेतली जाते. पण समुद्रकाठची हवा आधीच बाष्पाने भरलेली. आपला घाम वाळत नाही, तसे पानातले पाणीही चटकन उडत नाही. घामाघूम होऊन पंख्याखाली बसलेल्या माणसाला हे अधिक सांगायला नको.

मग पाऊस आला. आता तरी फेस्क्यू सावरेल, असे मला वाटले होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वाफ्यावर ताटलीएवढे तपकिरी गोल उमटले आणि पंधरा दिवसांत एकमेकांत मिसळले. उबदार रात्री आणि तासन् तास ओली राहणारी पाती मिळाली की फेस्क्यूवर रायझोक्टोनिया नावाच्या बुरशीचा हल्ला होतो. आमच्या पावसाळ्यात रात्र चोवीस अंशांखाली क्वचितच जाते आणि पाती सुकतात कधी, हे विचारूच नका. थंडी, पायदळी आणि कोरडा दुष्काळ सोसायला जे तयार होते, त्याला आमच्या ओल्या उकाड्याची तयारीच नव्हती. पाकिटावर खोटे काही छापलेले नव्हते. काटक कशाला, एवढे लिहायचे राहिले होते.

गहू घाटाखाली का उतरत नाही?

हे सारे परदेशी गवताचे कौतुक म्हणून सांगितले नाही. फेस्क्यूचा एक जवळचा नातलग तुमच्या रोजच्या ताटात आहे. तो म्हणजे गहू. गव्हाच्या रोपाचे मानगूट भिंगातून पाहा, पापुद्र्यासारखी जिव्हिका आणि खोडाला मिठी मारणाऱ्या केसाळ कर्णिका दिसतील. गहूही सी-३ आणि थंड हवेचाच. नाशिक जिल्ह्यातील निफाडची थंडी वर्तमानपत्रांत गाजते. तिथे हिवाळ्यात पहाटेचा पारा एक आकडी होतो. गव्हावर काम करणारे कृषी संशोधन केंद्र निफाडलाच आहे, आणि ते बरोबर जागी आहे. रत्नागिरीला मात्र संशोधन केंद्र शिरगावला आहे ते भाताचे. घाटावर रब्बीत गहू आणि घाटाखाली नाही, याला जमिनीचीही कारणे आहेत. पण मुख्य कारण माझ्या वाफ्यातलेच. आमच्याकडे गव्हाला हवी तशी रात्रच होत नाही.

रात्रींचा हा हिशेब भातालाही चुकलेला नाही. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावर १९७९ ते २००३ या काळात ठेवलेल्या नोंदी २००४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. कोरड्या हंगामात रात्रीचे किमान तापमान एका अंशाने वाढले की भाताचे उत्पन्न सुमारे शेकडा १० ने घटते, असे त्यांत दिसले. पृथ्वीचे तापमान वाढत असताना हा आकडा भात खाणाऱ्या मुलखाने लक्षात ठेवावा असा आहे.

मानगूट पाहण्याची विद्या भाताच्या शेतातही उपयोगी पडते. लावणीनंतर चुडांमध्ये भातासारखेच दिसणारे एक तण वाढते, एकायनोक्लोआ. लोंबी आल्यावर ते कोणीही ओळखेल, पण तोवर त्याने खत खाल्लेले असते. कोवळेपणी सांधा पाहा. भाताला लांब, टोकदार, दुभंगलेली जिव्हिका आणि केसाळ कर्णिका असतात. या तणाला दोन्ही नसतात, सांधा अगदी कोरा. मी हे मोठ्या उत्साहाने शेजारच्या आजोबांना दाखवायला गेलो. चष्मा न लावता, भिंग न घेता त्यांनी दोन्ही रोपे हातात घेतली आणि तण बाजूला टाकले. बेणणी करणाऱ्या बोटांना जिव्हिका हे नाव माहीत नसते, जिव्हिका माहीत असते.

आता तुम्ही करून पाहा. गणेशोत्सवात दूर्वा आणायला जाल तेव्हा भिंग बरोबर न्या. दूर्वा म्हणजेच हरळी. तिच्या सांध्याशी पापुद्रा नसून पांढऱ्या केसांची बारीक झालर असते, आणि तुरा एका बिंदूतून फुटलेल्या तीन ते सहा बोटांसारखा असतो. आडव्या धावणाऱ्या खोडाच्या पेऱ्यापेऱ्यांतून मुळे फुटतात, शिवाय जमिनीखालूनही खोडे पसरतात. दूर्वा म्हणून पुष्कळदा दुसरीच गवते खुडली जातात. त्यांतल्या कोणाचा सांधा कसा आहे, ते वहीत चित्र काढून नोंदवा. लव्हाळा सापडला तर खोड बोटांत फिरवा. ते तिधारी लागेल, कारण लव्हाळा हे गवतच नव्हे.

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर शिक्षकांच्या देखरेखीखाली मक्याच्या आणि भाताच्या पानांचे आडवे, पातळ छेद घ्या. मक्यात प्रत्येक शिरेभोवती मोठ्या हिरव्या पेशींचे कडे दिसेल, माळेसारखे. हीच ती बंदिस्त जागा. भातात शिरेभोवतीच्या पेशी तशा गडद हिरव्या दिसणार नाहीत. नंतर हरळीचे पान घ्या. ते अरुंद असल्याने छेद घेणे अवघड जाते, पाच-सहा वेळा फसाल.

आणि एक थर्मामीटर सावलीत टांगून वर्षभर पहाटेचा आणि दुपारचा आकडा लिहून ठेवा. कोकणातल्या आणि घाटावरच्या दोन शाळांनी या वह्यांची अदलाबदल केली तर फारच चांगले.

माझ्या वाफ्यावर श्रावणापर्यंत हरळी पूर्ण पसरली. भाद्रपदात शेजारची मुले दूर्वा खुडायला आली. आजोबाही आले होते. वाफ्याकडे पाहून त्यांनी विचारले, "हे बी कितीचं पडलं, मास्तर?"